बापूराव गार्डची वही

चौऱ्याऐंशी साली यशोधराला दहावीत फर्स्ट क्लास मिळाला आणि नागभीडच्या रेल्वे क्वार्टरातल्या सगळ्यांना एकाएकी शिक्षणातलं कळायला लागलं.

यशोला तर आधीच सगळं कळलेलं होतं. एप्रिलात बाबासाहेबांच्या जयंतीला तिनं विहारासमोर माइक धरून अर्धा तास भाषण ठोकलं होतं. टाळ्या थांबेनात. त्या दिवसापासून तिची मान ताठ आणि बेत पक्का: इतिहास शिकायचा, राज्यशास्त्र शिकायचं, म्हणजे आर्ट्सच. कॅलेंडरच्या पाठीवर तिनं नागपूरची तीन कॉलेजं लिहून काढली. एकाला मुलींचं होस्टेल होतं. दुसऱ्याची लायब्ररी म्हणे दुमजली. तिसरं ठमामावशीच्या घरापासून चार पावलांवर. तिन्हींचे फॉर्म मागवायचे, समोर मांडायचे आणि मग राणीसारखं निवडायचं. शेवटची तारीख दहा जुलै.

मागवायचे म्हणजे बापूराव गार्डच्या वहीत लिहायचे. छोट्या गाडीचा हा गार्ड एक दिवस नागपूरला जाई, दुसऱ्या दिवशी परते आणि ज्याला जे हवं ते घेऊन येई. चष्म्याची काडी, दम्याचं औषध, लग्नपत्रिका, काहीही. वही गाडी सुटेपर्यंत तिकिटाच्या खिडकीजवळ पडलेली असे. यशोनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘अकरावी आर्ट्सचे फॉर्म, तीन कॉलेजांचे.’ खाली नावं, पत्ते.

फॉर्म आले. तिन्ही सायन्सचे.

“भाऊ, मी आर्ट्स लिहिलं होतं!”

“वहीत जे हाय ते आणलं बाई,” बापूराव म्हणाले. “मी का माह्या मनानं आणतो?”

तिनं परत लिहिलं, या वेळी खाली दोन रेघा ओढून. दोन दिवसांनी नर्सिंगचा फॉर्म आला.

आता मात्र यशोनं वहीच ओढून घेतली. तिच्या पहिल्या ओळीतल्या ‘आर्ट्स’वर लाल शाईची काट होती आणि वर लिहिलं होतं, ‘सायन्स’. लाल शाई म्हणजे तिकीटबाबू सोमाजी. दुसऱ्या ओळीवर पेन्सिलीनं ‘मुलीच्या जातीला नर्सिंग बरे’. ते ठमामावशीचं अक्षर. मायनं पाठवलेले तांदूळ घ्यायला मावशी नागपूरच्या इतवारी स्टेशनावर येते, तेव्हा वही चाळते. शिवाय समासात कुणीतरी अनामिकानं ‘आयटीआयत शिवणकाम’ असं ठोकून दिलं होतं.

यशो थेट खिडकीशी गेली. “सोमाजीभाऊ, माह्या ओळीवर काट काऊन मारली?”

“अवो, फर्स्ट क्लासवाली पोरगी आर्ट्स कशी घेईन? मले वाटलं तू चुकून लिहिलं. म्हणून दुरुस्त केलं.” सोमाजीभाऊंचा चेहरा इतका भला होता, की यशोला ओरडावं की रडावं समजेना. “आर्ट्सले तर काठावर पास झालेले जातात. तू डॉक्टर हो.”

“बाबासाहेबांनी का बेडूक चिरले होते, भाऊ?”

सोमाजींनी उगाच तिकिटं सारखी केली. बापूराव मागून हसले, “हे पोरगी वकील होईन बाप्पा!”

“त्याच्यासाठीच आर्ट्स पायजे!” यशो किंचाळली.

घरी तिची माय कमला भाजी निवडत होती. तिला सगळं ऐकवलं, तर ती शांतपणे म्हणाली, “लोकं चांगल्यासाठीच सांगून राह्यले ना.”

“मग लोकायलेच पाठव अकरावीत! सोमाजीभाऊ फिजिक्सले, मावशी नर्सिंगले. मी घरी बसते, तांदूळ निवडते.”

तेवढ्यात बाबा ड्युटीवरून आले. मुखरू पॉइंट्समन, रुळांचा काटा हलवून गाडीची लाइन बदलणारे. अंगानं काटक, बोलणं मोजकं.

“बाबा, तुमचं काय म्हणणं हाय?”

“मले काय समजते त्यातलं? ते लोकं शिकलेले हायत.”

हे मात्र यशोला लागलं. सोमाजीची लाल शाई परवडली. तिचा आवाज चढला, “गाडी कोन्या लाइनवर घ्याची, हे तुमी प्लॅटफॉर्मवरच्या लोकायले विचारता का?”

“नाई. चिठ्ठी येते.”

“चिठ्ठीवर कोणीबी काहीबी लिहिलं तर?”

“सही लागते ना. सही नसली तर मी काटा हलवत नाई. साहेब ओरडला तरीबी नाई.”

यशो पेन घेऊन चपला न घालताच स्टेशनाकडे पळाली.

तिसऱ्यांदा तिनं तीच ओळ लिहिली. खाली जोडलं: ‘ज्यांना यात बदल करायचा असेल, त्यांनी खाली पूर्ण नाव लिहून सही करावी. पुढे मुलगी रडली तर सही करणारा जबाबदार.’

सकाळी गाडी सुटायच्या आधी खिडकीजवळ ही गर्दी. सोमाजींनी वाचलं, लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. “एवढी जबाबदारी कोण घेईन बाप्पा!” पाणीवाला वाचून गेला, हमाल वाचून गेला. अनामिक शिवणकामवाला कोण होता ते काही कळलं नाही.

मग बगलेत हिरवी झेंडी दाबून बाबा आले. त्यांनी सोमाजींकडे पेन मागितलं.

बाबांना सही तिनंच दोन वर्षांपूर्वी शिकवली होती, पाटीवर, रोज संध्याकाळी. आता त्याच सहीनं काट मारतात की काय?

बाबांनी कुठंच काट मारली नाही. ओळीच्या शेवटी जागा शोधली आणि एकेक अक्षर दाबून लिहिलं: मुखरू. ‘रू’ला वेळ लागला. इंजिनानं दोनदा शिटी दिली, तरी त्यांनी घाई केली नाही.

“झाली सही,” ते बापूरावांना म्हणाले. “आता घेऊन जा.”

सहा जुलैला फॉर्म आले. आर्ट्सचे, तिन्ही बरोबर. आणि त्यांच्याखाली एक चौथा. नर्सिंगचा.

“भाऊ!”

“तुही मावशी म्हणे, वहीत सही मागतात म्हणून तोंडी सांगते,” बापूराव कानाची पाळी धरून म्हणाले.

यशोनं कपाळावर हात मारून घेतला. घरी येऊन फॉर्म मांडले. मावशीच्या घराजवळच्या कॉलेजाचा सगळ्यात आधी बाजूला सारला. लायब्ररीवर क्षणभर जीव अडकला, पण त्या कॉलेजाला होस्टेल नव्हतं, म्हणजे राहायला परत मावशीकडेच. तिनं होस्टेलवाला पुढे ओढला, नाव लिहिलं आणि ‘पालकाची सही’ या रकान्याशी आल्यावर हाक मारली,

“बाबा, हात धुऊन या. आणखी एक लिहाची हाय.”