कोंगीचा स्वतःचा श्वास

मी श्वासयंत्र बोलतोय. दक्षिण कोरियातल्या मोक्पो बंदरात, एका इस्पितळात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत माझी बावीस वर्षं गेली. माणसं आकडा लावत, मी तेवढे श्वास फुंकत असे. बाळासाठी क्षणभर थांबावं, हे मला बनवणाऱ्यांनी शिकवलंच नव्हतं.

कोंगी आली ती सव्वीस आठवड्यांची, आठशे ग्रॅमची. आई बुन-ई एका बेटावर समुद्रशेवाळ वाळवायची, बाप गी-चोल मासेमारीच्या होडीवर. पोटात असतानाच त्यांनी तिला कोंगी म्हणायला सुरुवात केली होती. कोंगी म्हणजे सोयाबीनचा दाणा.

डॉक्टर नामगुंग यांनी माझा वेग मिनिटाला साठ श्वासांवर ठेवला. पहिल्या दिवशी ती मधूनच स्वतःचा श्वास घ्यायची. तो बाहेर पडत असतानाच मी आत हवा ढकलायचो. ती कळवळायची, निळी पडायची. मग तिला गुंगीचं औषध दिलं आणि माझा दाब वाढवला.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रयत्न सोडला. औषध थांबवलं, तरी तिसऱ्या दिवशीही छाती हलत होती ती फक्त माझ्यामुळे.

"ती स्वतः एकही श्वास घेत नाही," डॉक्टरांनी आईबापांना सांगितलं. "मेंदूला इजा झाली असावी. मनाची तयारी ठेवा."

गी-चोल भिंतीला टेकून खालीच बसला.

ते दोघं गेल्यावर प्यो सिस्टर रक्ततपासणीचा कागद घेऊन आल्या. बत्तीस वर्षं नोकरी झालेली बाई.

"डॉक्टर, कार्बन डायऑक्साइड किती खाली गेलाय बघा. श्वास घे म्हणून शरीराला सांगणारं काही आपण उरूच दिलं नाही. पोट गच्च भरलेल्या पोराला भूक कशी लागेल?"

"वेग कमी केला आणि ती गेली तर?"

"मी इथंच उभी आहे. हलत नाही."

डॉक्टरांनी मला तीसवर आणलं. मी एक श्वास दिला. मग दुसरा. मध्ये नुसती शांतता. बराच वेळ तसंच चाललं. मग बरगड्यांखाली काहीतरी खेचलं गेलं. माझं नव्हतं ते.

"आळशी कुठली!" सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.



पण तोवर माझ्या दाबानं कोवळं फुप्फुस फाटलं होतं. सहाव्या दिवशी तिच्या छातीत हवा साठली. नळी घालून काढली, पुन्हा साठली. नवव्या दिवशी दुपारी उपाय संपले. मला बंद करून तिला आईच्या छातीवर ठेवलं.

"सिस्टर, हे श्वास कुणाचे?" बुन-ईनं विचारलं.

"तिचेच. सगळे तिचेच."

अकरा मिनिटं ती स्वतःच्या श्वासावर होती. बाप बोट धरून बसला होता. डॉक्टर नामगुंग दाराशी उभे राहून रडले.

आता बाळाचा श्वास ओळखणारी नवी यंत्रं आली आहेत. मी अडगळीच्या खोलीत आहे. उद्या भंगारात जाईन, त्याचं दुःख नाही. एकच मागतो. नव्या यंत्राचा आकडा वाढवण्याआधी बाळाच्या छातीकडे घटकाभर बघा. कदाचित ते श्वास घ्यायच्या बेतात असेल.