खड्ड्यांच्या टेकड्या

विभागप्रमुखांचा तिला मनापासून तिटकारा होता आणि तो लपवायचे कष्टही ती घेत नसे. साहेब बोलण्यात पटाईत. रुबाब असा, की कालच मंगळावरून परतलेत. काम बघायला जावं तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

साहेबांनाही ती खुपायची. वडिलांच्या हट्टापायी ती इंजिनिअर झाली, पंपांच्या कारखान्यात हाती पाना घेऊन नटबोल्ट आवळले आणि मंगळावरच्या एका कोरड्या नदीपात्राचा फोटो पाहून सगळं सोडून ग्रहांच्या अभ्यासात शिरली. वडिलांनी वर्षभर अबोला धरला. तिनं नेटानं संशोधन पुरं केलं, इथं विद्यापीठात हंगामी म्हणून शिकवायला लागली. साहेब मात्र तिला चारचौघांत 'पानेवाल्या बाई' म्हणत. आता कायमची जागा निघाली होती आणि त्यासाठी निवड समितीसमोर वर्गात पाठ द्यायचा होता. ही जागा तिला हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती.

"माझ्या टेकड्यांवर घ्या पाठ," साहेबांनी फर्मावलं. "कायम व्हायचंय ना?"

मंगळाच्या एका फोटोत साहेबांना टेकड्यांची रांग सापडली होती आणि प्रत्येक परिषदेत ते त्या रांगेचा डांगोरा पिटत. तिनं फोटो समोर घेतला. कॉलेजात ड्रॉइंगचे मास्तर दिशेचा बाण नसलेला कागद सरळ भिरकावून देत, म्हणून चित्राची दिशा कुठली, उजेड कुठून येतोय हे आधी बघायची तिला खोडच लागली होती. उजेड खालून येत होता. माणसाचा डोळा तो वरूनच येतो असं धरून चालतो; त्यामुळे फोटो उलटा लावला की खड्डे फुगून टेकड्या दिसतात. म्हणजे हा विद्वान इतकी वर्षं खड्डे मिरवत होता! तिला हसू आवरेना.

तिनं जाऊन सांगितलं, तर साहेब उखडले.

"पानेवाल्या बाई, तुम्ही नटबोल्ट आवळा. आणि तोंडही आवरा."

तोंड आवरलं असतं तर जागा पदरात पडली असती. पण समोर बसलेल्या पोरांना धडधडीत खोटं शिकवायला तिची जीभ रेटेना.

पाठाच्या दिवशी तिनं पडद्यावरचं चित्र सगळ्यांदेखत फिरवलं. टेकड्या खाली बसल्या. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

"ही चूक कुणाची?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

साहेब ताडकन उठले. "बाईंचीच! चित्रं त्याच लावतात. मी किती वेळा बजावलं!"

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहत मान हलवली. "ज्याला खड्डा आणि टेकडी कळत नाही, त्याला शिकवायला कायम कसं करायचं?"

"तेच म्हणते मी," ती साहेबांवरची नजर न काढता म्हणाली. "पण यांना कायम करून वीस वर्षं झाली."

साहेबांचा चेहरा पडला, अध्यक्षांचा ताठरला. जागा गेली, हे तिला तिथंच कळलं. मग तिनं पोरांकडे तोंड केलं आणि उरलेला पाठ पुरा शिकवला.