जखमेचा पासपोर्ट फोटो

बाईंनी आयुष्यात कुणाला अर्धा मार्क जास्त दिला नव्हता. हेडमास्तरांच्या मुलाला दिला नाही, सख्ख्या भाच्याला दिला नाही, आणि पोटच्या लेकीला तर एकदा एका मार्कासाठी गणितात नापास करून तिचा हात धरून घरी घेऊन आल्या होत्या. अशा या बाई खोटं बोलायला शिकल्या त्या शाळेतून निवृत्त झाल्यावर, आजारपणात. शिकल्या म्हणजे काय, पहिल्याच प्रयत्नात बोर्डात आल्या.

त्याचं झालं असं, की बाईंच्या आतड्याला पीळ पडला. हॉस्पिटल घरचंच म्हणायचं, म्हणजे लेक तिथं सर्जन. पण आईच्या पोटावर सुरी चालवायला लेकीचा हात धजेना, म्हणून ऑपरेशन तिच्या मोठ्या सरांनी करायचं ठरलं.

आता, या लेकीचा एक अभ्यास चालला होता. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं की वरची जखम पुष्कळदा चिघळते, पू होतो, आणि घरी गेलेलं माणूस पुन्हा खाटेला खिळतं. लेकीचं म्हणणं असं, की पोट शिवायला घेण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलले आणि शिवायची हत्यारं नवी घेतली, तर हे चिघळणं बरंच कमी होईल. म्हणायला सोपं! सिद्ध करायला तिची तीन वर्षं गेली होती. अर्ध्या पेशंटांना नव्या पद्धतीनं शिवायचं, अर्ध्यांना जुन्या, आणि कुणाला कसं ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. पेशंटला पत्ता लागू द्यायचा नाही. घरी गेल्यावर पेशंटनं आठवड्यातून दोनदा जखमेचा फोटो पाठवायचा, सिस्टर फोन करून चार प्रश्न विचारणार, आणि फोटो तपासणार कोण, तर दुसऱ्याच गावचा एक डॉक्टर, ज्याला यातलं काही ठाऊक नाही.

त्यात आईला घ्यायला लेक तयार नव्हती. "आई, तू राहू दे. घरचं माणूस नको."

पोटात कळा येत होत्या तरी बाई उठून बसल्या. "का? बाकीच्यांच्या आया चालतात, तुझीच तेवढी नाजूक का?"

मोठे सर हसले आणि बाईंनी सही ठोकली. एकच अट पडली: लेकीनं आईच्या जखमेकडे बघायचंही नाही. उद्या कुणी घरचं माप म्हणून बोट दाखवायला नको.

ऑपरेशन झकास झालं. बाई घरी आल्या, स्वतःच्या पायांनी दोन जिने चढल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "पोट फाडलं म्हणजे काही विशेष नाही हो." पहिला फोटो गेला, दुसरा गेला. मग एके सकाळी फोटोकाकांनी ड्रेसिंग काढलं आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

फोटोकाका म्हणजे बाईंचे मिस्टर. नाक्यावर त्यांचा चाळीस वर्षं स्टुडिओ होता. अख्खी गल्ली त्यांना फोटोकाका म्हणायची, आणि बाईही इतरांशी बोलताना तसंच म्हणायच्या. बेंबीच्या खाली, अगदी शेवटच्या दोन टाक्यांपाशी लालबुंद झालं होतं, आणि बोट लावलं की पिवळसर पाणी येत होतं.

"अगं, हे लक्षण बरं नाही. लेकीला फोन लावतो."

"खबरदार!" बाई अशा ओरडल्या की पोटात कळ उठली. मग जरा दम खाऊन म्हणाल्या, "अहो, पुढच्या महिन्यात ती तो अभ्यास एवढ्या मोठ्या परिषदेत मांडणार आहे. तीन वर्षं पोरीनं जेवायची वेळ पाळली नाही. आणि तिच्या नावासमोर लाल फुली कुणाची? सख्ख्या आईची?"

"फुली असेल तर असेल. तुझाच नियम ना तो?"

"चार दिवसांत वाळेल ते. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला एक सांगा, तुम्ही आयुष्यभर लोकांच्या नाकावरचे मस घालवलेत, गालावरचे डाग घालवलेत. तुमच्या पासपोर्ट फोटोतला माणूस कधी स्वतःसारखा दिसला नाही. मग एवढंसं लाल घालवता येत नाही?"

"फोटोतलं जाईल गं. अंगावरचं कसं जाईल?"

"तुम्ही फोटोतलं घालवा. अंगावरचं माझं मी बघते."

चाळीस वर्षांच्या संसारात फोटोकाकांनी वाद जिंकल्याची नोंद नाही. ते चष्मा लावून कॉम्प्युटरपुढे बसले. लाल होतं तिथं पोटाचाच जरा वरचा रंग आणून बसवला, टाक्याची सावली नीट केली, ओल पुसली. काम इतकं सुरेख झालं की काका क्षणभर स्वतःवरच खूश झाले, आणि मग आपण खूश झालो याची त्यांना लाज वाटली. फोटो गेला.

मागोमाग सिस्टरचा फोन आला.

"बाई, ताप वगैरे?"

"छे!"

"जखमेतून पाणी येतंय का?"

"डोळ्यांतून पण नाही."

"दुखतं?"

"मला? अहो, पस्तीस वर्षं उभ्यानं शिकवलंय मी."

सिस्टर हसली, सगळं उत्तम म्हणून लिहून घेतलं, काळजी घ्या म्हणाली. खोटं बोल पण रेटून बोल, तसं बाईंनी रेटलं. फोन ठेवला आणि भिंतीला हात लावून खुर्चीत बसल्या, कारण उभं राहवत नव्हतं.

लेकीचाही रोज फोन यायचा. त्या दिवशी ती म्हणाली, "या खेपेला सगळ्यांच्याच जखमा फार छान भरताहेत गं आई. इतक्या छान, की मला जरा..."

"जरा काय?"

"काही नाही. तू आराम कर."

बाईंना वाटलं, पोरगी दमली आहे. आपण बोललो नाही ते बरंच केलं.

आणखी दोन फोटो असेच सजून गेले. पाणी काही वाळेना. बाई कुशीवर वळायच्या तर ओठ चावून. फोटोकाका रोज म्हणायचे, आता पुरे, आणि बाई रोज म्हणायच्या, उद्या बघू. शेवटी काका चिडून म्हणाले, "ही शाळा नव्हे, पोट आहे!" आणि भर दुपारी छत्री घेऊन तरातरा बाहेर निघून गेले. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले, कारण बायकोला एकटं ठेवायचा धीर होईना.

ते परत येऊन चहा टाकताहेत, तेवढ्यात लाँड्रीवाल्या वहिनींचा फोन आला. हॉस्पिटलात बाईंच्या शेजारच्या खाटेवर होत्या त्या, त्याच आठवड्यात ऑपरेशन झालेलं. वहिनी मोठ्या गोड. लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढता काढता जन्म गेला, पण कुणाला तिखट शब्द बोलल्या नाहीत.

"कशा आहात वहिनी?"

"मस्त हो बाई. जरा थंडी वाजते संध्याकाळची, एवढंच. आणि पट्टी दिवसातून चारदा बदलावी लागते."

"चारदा? का?"

"भिजते ना! वासही येतो हो जरासा."

बाई सरळ झाल्या. "मग सिस्टरला काय सांगितलंत?"

"सांगितलं, एकदम ठीक. फोटो मागितला तर गेल्या आठवड्यातलाच पुन्हा पाठवला. चांगला आला होता तो." वहिनी लाजून हसल्या. "अहो, तुमची लेक किती गुणाची! रोज येऊन डोक्यावरून हात फिरवायची. तिनं एवढं केलं, आणि मी तिला पू दाखवू? तिला काय वाटेल? म्हटलं, पोरीचं मन कशाला मोडा."

मग काय, बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? थंडी वाजते म्हणजे ताप आहे तो! अंगावर काढताय? गुणाची आहे म्हणून तिच्याशी खोटं बोलायचं? तिनं काय कौतुक करून घ्यायला तुम्हाला फोटो मागितला? उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर तिचं मन मोडणार नाही का? सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी पोटात..."

बाई थांबल्या. स्वयंपाकघराच्या दारात फोटोकाका दोन कप घेऊन उभे होते आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! बाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. फोनमध्ये वहिनी "हॅलो, हॅलो" करत होत्या.

"वहिनी," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "माझीही जखम वाहतेय. मी पण खोटंच सांगितलंय. चप्पल घाला, आम्ही टॅक्सी घेऊन येतो."

टॅक्सीत मागच्या सीटवर दोघी पोट धरून बसल्या होत्या आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. पुढे फोटोकाका मांडीवर एक पाकीट घेऊन बसले होते. पण बाईंचं खरं दुखणं वेगळंच होतं. आपण लेकीची तीन वर्षं पाण्यात घालायला निघालोय. एक फुली नव्हे, दोन. आणि वर खोटेपणा.

हॉस्पिटलात मोठ्या सरांनी आधी वहिनींना टेबलावर घेतलं. पट्टी काढली आणि त्यांचे ओठ मिटले. जखम आतून पोखरली होती. त्यांनी तिथल्या तिथं टाके उघडायला सांगितले, सलाइन लावलं, औषधं सुरू केली. बाहेर येऊन म्हणाले, "आणखी दोन दिवस घरी राहत्या तर विष अंगभर पसरलं असतं. आता बऱ्या होतील." बाईंनी भिंतीला टेकून डोळे मिटले. मग सरांनी बाईंची जखम तपासली. ती तेवढी खोल नव्हती. सरांनी नोंद केली आणि लेकीला आत बोलावलं.

लेक आली. सगळं बाईंनीच सांगितलं, एका दमात, फोटोच्या रिटचसकट.

"बाबांनी रिटच केलं?" लेक बापाकडे वळली. "जखमेला?"

"मूळ फोटो आहेत," काका पुटपुटले आणि पाकीट पुढे केलं. "रोजचे काढलेत. मूळ प्रत मी कधीच फेकत नाही."

लेकीनं एकेक फोटो पाहिला. तिला आधी हसू आलं, मग राग आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ती काही वेळ खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. वळली तेव्हा सरांना म्हणाली, "सर, म्हणूनच! मला वाटतच होतं, इतकं छान कसं? जुन्या पद्धतीचेही छान, नव्याचेही छान. लोक आपल्यावर माया करून खोटं सांगताहेत. असे आणखी कितीजण घरी बसले असतील?"

"सगळ्यांना बोलावून प्रत्यक्ष बघावं लागेल," सर म्हणाले. "परिषद हुकणार तुझी."

"हुकू दे. आजपासूनच फोन लावायला घेते."

"मी घालवलं गं तुझं," बाई म्हणाल्या. "तीन वर्षांचं घालवलं."

"आई, हेच मांडलं असतं तर लोक म्हणाले असते, हातमोजे बदलून काही फरक पडत नाही. आणि कुणीच बदलले नसते. मग किती जणींना वहिनींसारखं झालं असतं?" लेकीचा राग अजून पुरता गेला नव्हता, पण तिनं बाही वर केली. "सर, नोंद तुमची झाली ना? मग आता ड्रेसिंग मी करते."

सर आणि काका बाहेर गेले. लेकीनं हात धुतले, हातमोजे चढवले, स्टूल ओढलं. तिनं पहिल्यांदाच आईची जखम प्रत्यक्ष पाहिली, आणि वाकून कडेकडेनं बोटानं दाबत खाली आली. शेवटच्या टाक्यापाशी थांबली.

"दुखतंय का?"

'नाही गं, एवढं काही नाही' हे बाईंच्या ओठांवर आलंच होतं. दाढ दुखताना आलं होतं, पाय मुरगळला तेव्हा आलं होतं, लेक शिकायला परगावी निघाली तेव्हा गाडीच्या खिडकीशी उभं राहून आलं होतं. लेकीनं दुसऱ्या पेशंटांना विचारावं तसंच विचारलं होतं, उत्तराची फारशी वाट न बघता.

"हो," बाई म्हणाल्या. "खूप दुखतंय."

लेकीनं बोट उचलून घेतलं. तिनं मान वर करून आईकडे पाहिलं. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"कधीपासून?"

"आठवडा झाला. कुशीवर वळता येत नाही. रात्री तोंडात पदराचा बोळा घालते, म्हणजे तुझ्या बाबांना ऐकू जात नाही."

लेकीनं आधी जखम स्वच्छ केली, औषध भरलं, पट्टी बांधली. हात अगदी हलका ठेवला. मग हातमोजे काढून टोपलीत टाकले आणि आईचा हात दोन्ही हातांत घेऊन ती पुन्हा त्याच स्टुलावर बसली.

"आणखी कुठं दुखतं? सगळं सांग."

बाईंनी सांगायला सुरुवात केली. जखमेचं झालं, मग गुडघ्यांचं निघालं, मग मानेचं, मग लेक नसलेल्या घरात संध्याकाळी कसं वाटतं त्याचं. बाहेरून सिस्टरनं दोनदा डोकावून पाहिलं. लेकीनं तिला हातानंच थांबायला सांगितलं आणि ऐकत राहिली.