शाईस्ताच्या दुधाचा फैसला

बाळापूरच्या खैरूनदादीवर घरात कोनी इश्वास ठेवत नव्हतं, अन् त्यात गुना दादीचाच होता. गावच्या मन नदीच्या पुरात आपली बकरी म्हशीच्या पाठीवर बसून भुसावळले गेली अन् रेल्वेनं वापस आली, बिनतिकिट, असं दादी छातीठोक सांगे.

म्हनून त्या दिवशी दादी खरं बोलली, तरी सारे हासले.

नातसून शाईस्ता सतरा दिवसांची बाळंतीन. एका छातीत गळू झालेलं, आंग तव्यावानी तापलेलं. अकोल्याच्या डॉक्टरनीनं चीर देऊन पट्टी बांधली होती. सासू रफीका रडती पोरगी घेऊन खाटेपाशी उभी.

"दुसऱ्या बाजूनं पाज, बेटा. लेकराचा हक हाय थो."

"अम्मी, माह्याच्यानं नाई होत. नुसता धक्का लागला तरी जीव जाते."

शाईस्ताचा नवरा नवेद मोबाइलात पाहून राहिला होता.

दादीनं पानदान बाजूले सारलं. "तिचं आंग तिचं हाय. शरियतमधी मायवर पाजाची जबरदस्ती नाई. दुधाची सोय बापानं कराची."

"दादी, हे बी भुसावळहून आलं का?" नवेद म्हने.

"लाव मौलानाले फोन," रफीका म्हने. "अम्माची एक तरी थाप आज पकडू."

नवेदनं फोन लावला, स्पीकरवर ठेवला. रफीकानं सारं सांगतलं, मौलानानं आयकून घेतलं.

"दादी बराबर बोलल्या. लेकरू वरचं दूध घेत असन, तर मायले मजबूर नाई करता येत. अन् इथं तर माय बिमार हाय. लेकरापायी मायले तकलीफ देऊ नये, कुरानातच हाय. सोय बापानं पाहाची. नवेद हाय का तिथं?"

नवेद चपला घालून राहिला होता. दारातून वापस फिरला अन् खाटेपाशी आला. "डॉक्टरनीनं लिहून देल्लं थे दूध आनतो. चालन ना तुले?"

"आन," शाईस्ता म्हने. "उद्या पाजाचं का नाई, थे मी उद्या सांगीन." अन् भिताडाकडे तोंड करून डोये मिटले.

रफीका पोरीले मांडीवर घेऊन बसली, तोंडात आपलं बोट देल्लं.

"अम्मा," ते हळूच बोलली, "नवेदच्या टायमाले माही बी छाती अशीच पिकली होती. तुमी मले दातात पदर धराले लावला अन् पाजवलं."

"हो."

"तवा तुमाले हे माईत नव्हतं?"

दादीच्या जिभेवर चार थापा आल्या. चारही चांगल्या होत्या.

"माईत होतं," दादी म्हने. "माही सासू समोर बसली होती. माही हिंमत नाई झाली."

दादी सरकत सरकत रफीकापाशी आली अन् तिचे पाय दाबाले लागली.

"राहू द्या, अम्मा," रफीका म्हने. पन पाय काई मांगं घेतले नाई.