बेकरीवालीच्या आतड्यातली राखणदार

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. मी एक जुनी राखणदार पेशी आहे. माझा मुक्काम एका बेकरीवालीच्या आतड्याच्या अस्तरात असतो. जागा अंधारी, शेजार दाटीचा आणि दिवसभर अन्नाची वर्दळ! पण मला इथेच करमतं.

माझी बेकरीवाली लहान होती तेव्हाची गोष्ट. तिची आई केकचं मिश्रण फेटायची आणि ही पोर ते कच्च्या अंड्याचं भांडं बोटांनी चाटूनपुसून लख्ख करायची. एकदा त्यातून जंतू पोटात शिरले. जुलाब, ताप, डोळे पार खोल गेले. दवाखान्यात आई उशाशी बसून एकच म्हणत होती, "माझंच चुकलं. लाडानं चाटू दिलं मी."

तेव्हा मी आतड्याजवळच्या एका लसिका गाठीत, म्हणजे आम्हा राखणदारांच्या तळावर, रिकामटेकडी बसले होते. तिथे एक बातमीदार पेशी धावत आली. काय तिची हुशारी सांगू! पुरावा म्हणून तिनं जंतूचा तुकडाच आणला होता, आणि आम्हा प्रत्येकीला एकच जंतू ओळखता येतो, तर तो तुकडा नेमका मलाच जुळला. शिवाय, गाजरं आणि पालेभाज्यांतून मिळणारं अ जीवनसत्त्व वापरून तिनं मला आतड्याचा पत्ता पढवला. नाहीतर मी रक्तातून भटकत भलतीकडेच गेले असते. मग माझ्या एकटीच्या आम्ही असंख्य झालो, आतड्याकडे धावलो, लढलो. पोर वाचली. काम संपताच माझ्या बहुतेक बहिणी गेल्या. मी मात्र इथेच ठाण मांडून राहिले.

पोर मोठी झाली, आईची बेकरी तिच्याकडे आली, पण खोड काही गेली नाही. गोडी बघायची म्हणून कच्चं मिश्रण चाखणं चालूच! एके दिवशी तोच जंतू पुन्हा आला. मी त्याला शिरताक्षणी ओळखलं आणि हाकाटी केली. शेजारणींनी काय साथ दिली म्हणता! बेकरीवालीच्या पोटात जराशी कळ आली, एवढंच.

"माझं पोट दगडाचं आहे," ती आईला ऐटीत म्हणाली. घ्या! राबलो आम्ही, कौतुक दगडाचं.

आणि लगेच तिनं मिश्रणात बोट बुडवून कडेवरच्या तान्ह्या मुलाच्या ओठांकडे नेलं. "घे रे सोन्या, तूही हो आईसारखा पक्का."

मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. त्या जंतूला ओळखणारी एकही राखणदार बाळाच्या पोटात नव्हती!

आजीनं तिचं मनगट घट्ट धरलं. "अगं वेडे, तू मरता मरता वाचलीस. माझ्या डोळ्यांसमोर. त्याच्यावर ती पाळी आणतेस?"

बेकरीवालीचा चेहरा उतरला. तिनं साबणानं हात धुतले.

मित्रांनो, माझी फुशारकी ऐकून कच्चं काही चाटू नका. मी एकाच जंतूला ओळखते, दुसऱ्यापुढे मीही नवखीच. हात धुवा, अन्न नीट शिजवून खा. आणि ज्या आजारांवर लस आहे, त्यांची लस वेळेवर घ्या, म्हणजे ते आजार न सोसताच माझ्यासारख्या राखणदार तुमच्यात तयार होतील.

परवा बाळाला पोटाच्या एका आजारावरच्या लशीचे थेंब पाजले. त्यानं तोंड वाकडं करून भोकाड पसरलं. आई आणि आजी त्याला समजावत होत्या, आणि इथे आत मला आनंदानं काही सुचत नव्हतं.