लहान दिसण्याची तक्रार

जगातल्या सर्वांत लहान शार्कविरुद्ध संग्रहालयाच्या सल्लागार समितीने एकमताने केलेली तक्रार अशी होती की, तो लहान दिसतो.

ही तक्रार संचालकांनी मत्स्यविभागाच्या बाईंना आपल्या दालनात बोलावून, चहा पुढे करून, शक्य तितक्या हळुवारपणे कळवली. बाईंनी कप बशीत जराही न वाजवता ठेवला. त्यांना राग यायचा तो असाच, बिनआवाजाचा; ओळखणारी माणसं अशा वेळी आपली खुर्ची थोडी मागे सरकवत.

"किती लहान दिसतो, असं समितीचं म्हणणं आहे?"

"वीतभर."

"तो वीतभरच आहे, सर."

"तेच तर म्हणतोय ना मी!" कुणीतरी आपल्याशी सहमत झालं म्हणून संचालकांना बरं वाटलं. "लोक एवढे जिने चढून येणार, आणि समोर काय, तर बरणीत बोटभर काळं काहीतरी. बाई, शार्क म्हटल्यावर माणसाला जरा भीती वाटायला नको?"

शार्कच्या नव्या दालनात शिरताच समोर येणारा कोनाडा बाईंनी या माशासाठी मागितला होता. मागून मागून त्यांचे केस पांढरे झाले होते. आता समितीने तोडगा काढला होता: माशाची दोन मीटर लांबीची प्रतिकृती करायची. ते मान्य नसेल, तर कोनाड्यात एका अगडबंब शार्कचा जबडा बसेल, ज्यात उभं राहून लोकांना फोटो काढता येतील. आणि बरणी तळघरात जाईल. तळघरात गेलेली वस्तू पुन्हा वर आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"काम सुरूसुद्धा झालंय," संचालक म्हणाले. "तुमच्या ताईंकडेच दिलंय. घरचंच काम."

संग्रहालयात बाईंना पाठीमागे 'वीतबाई' म्हणत. थोडं माशावरून, बरंचसं उंचीवरून. बाईंना ते ठाऊक होतं आणि या संस्थेने आजवर केलेलं हे एकमेव अचूक वर्णन आहे, असं त्यांचं मत होतं.

प्रतिकृतींचा कारखाना मागच्या अंगणापलीकडे होता. तिथे ताईचं राज्य. ताई धिप्पाड, बाईंपेक्षा वयाने मोठी आणि आवाजाने त्याहून मोठी. ती हसली की वरच्या मजल्यावरच्या मृत पक्ष्यांमध्ये भरलेला भुसा हलतो, असं म्हणत. दोन लाकडी घोडक्यांवर राखाडी रंगाचं एक भलंमोठं धूड आडवं पडलं होतं आणि ताई त्याची पाठ पॉलिश कागदाने घासत होती.

"ये धाकटे, तुझ्या लेकाला भेट. अंगापिंडाने तुझ्यावर नाही गेला हो!"

बाईंनी धुडाभोवती एक फेरी मारली. मग उलट्या बाजूने दुसरी.

"हा कोण?"

"तुझा मासा."

"माझा मासा सडपातळ आहे. हा पोटभर जेवून लवंडलाय."

"मला नाही सांगायचं. मापं तुझ्याच बरणीवरून घेतलीत. चारी बाजूंनी, कंपास लावून."

"बरणीवरून? काचेच्या बाहेरून?"

"मग काय आत शिरून घेणार होते? झाकणाला हात लावशील तर जन्मात बोलणार नाही, असा दम कुणी दिला होता मला? आणि जन्मात बोलणार नाहीस म्हणालीस तेव्हा मोह झाला होता हं मला. पण काम होतं, म्हणून हात आवरला."

बाई घोडक्याच्या कडेवर टेकल्या. द्रवाने भरलेली गोल बरणी म्हणजे एक भिंगच. आतल्या वस्तूची लांबी ती तशीच ठेवते, पण रुंदी फुगवते. विभागात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बाई हे ऐकवत. पण त्यांच्याकडे असा मासा एकच होता. अल्कोहोल उडेल, कातडी ताठरेल, या धास्तीने त्यांनी बरणी सख्ख्या बहिणीलाही उघडू दिली नव्हती. आणि त्या जपणुकीच्या भरात स्वतःचाच पहिला धडा विसरल्या होत्या. खरं म्हणजे गेली कित्येक वर्षं त्याही त्याला काचेतूनच पाहत होत्या. त्यांच्या शोधनिबंधात तो सडपातळ होता आणि मनात गुबगुबीत.

"कुणाला कळणार आहे?" ताईचा आवाज जरा उतरला. "कोनाडा मिळतोय ना तुला? घे की गुपचूप."

"मला कळेल."

"हो, तुला कळतं हे काय मला ठाऊक नाही? लहानपणी तुला काही कळलं की घरात कुणी सुखाने जेवत नसे."

"ताई, जगातला सर्वांत लहान शार्क माणसाहून मोठा करून टांगायचा, आणि खाली पाटी लावायची, 'सर्वांत लहान'. वाचणाऱ्याने पाटीवर विश्वास ठेवायचा की डोळ्यांवर? यापेक्षा तो तळघरात बरा. तिथे निदान कुणी खोटं बोलत नाही."

ताईने कागद खाली टाकला आणि हात धुतले. "मग आण ती बरणी. आणि या खेपेला झाकण उघड."

झाकण उघडताच अल्कोहोलचा उग्र दर्प पसरला. बाईंनी चिमट्याने मासा उचलला आणि क्षणभर थांबून ताईच्या ओल्या तळहातावर ठेवला. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत तो मावला. पर, शेपूट, दात, सगळं शार्कचं. फक्त आकार कुणीतरी आवरता घेतलेला. ताईने चक्क कुजबुजत विचारलं. ही घटना त्या कारखान्यात अभूतपूर्व होती.

"पिल्लू आहे का गं हे?"

"नाही. पूर्ण वाढलेला नर. यापुढे वाढत नाही तो."

"म्हणजे तुझं आणि त्याचं सारखंच."

यावर खुर्ची मागे सरकवावी, असं काही ताईला जाणवलं नाही. तिने माशाला हळूच उलटा केला. "आणि पोटावर हे काळे ठिपके कसले?"

"दिवे. जिवंतपणी लागतात. हा राहतो तीनचारशे मीटर खोल. वरून अगदी अंधुक निळा उजेड येतो, आणि खालून बघणाऱ्या शत्रूला वर याची काळी सावली दिसते. म्हणून हा पोटाचे दिवे वरच्या उजेडाइतकेच लावतो. सावली पुसली जाते."

"म्हणजे हा दिवा लावून लपतो?" ताईचे डोळे चमकले. "लपाछपीत तू निदान दिवे घालवायचीस. तरी पहिली सापडायचीस."

मग दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या नजरेनंतर पूर्वी घरात हमखास काहीतरी फुटत असे.

प्रतिकृतीच्या मापात चूक झाली आहे आणि ती आपल्यामुळे झाली आहे, हे बाईंनी संचालकांना स्वच्छ सांगितलं. समितीसमोर कोनाड्यात बरोबर मापाची प्रतिकृती असेल, असंही सांगितलं. किती मोठी, हे संचालकांनी विचारलं नाही. मोठी असणार, हे त्यांच्या लेखी न विचारण्याइतकं उघड होतं.

समिती आली. कोनाड्याच्या छताला निळी काच, तिच्यामागे दिवा, आणि काचेखाली, डोक्याच्या बरंच वर, बारीक तारेवर एक वीतभर काळा मासा. संचालकांनी वर पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. संचालकांचा चेहरा बशीसारखा पांढरा पडला.

समितीचे अध्यक्ष म्हणजे काठी टेकत चालणारे भारदस्त गृहस्थ. त्यांनी मान मागे टाकली. "हाच का तो? अहो, हा तर तेवढाच आहे!"

बाईंनी कळ दाबली. माशाच्या पोटावर इवले दिवे लागले, आणि मासा होता तिथेच, होता तसाच ढळढळीत लोंबकळत राहिला. समितीत कुणीतरी खाकरलं. कोनाडा आता गेला, हे बाईंना त्या खाकरण्यातच ऐकू आलं.

"धाकटे," ताई कानाशी कुजबुजली, "वरचा दिवा! वरचा दिवा कुणीतरी वाढवलाय."

"मीच वाढवायला सांगितला," संचालक पुटपुटले. "पाहुणे येणार म्हणून."

"कमी करा, सर."

"बाई, मान्यवरांना अंधारात कसं—"

"सर," बाईंचा आवाज बर्फासारखा होता, "मान्यवर या क्षणी समुद्रात तीनशे मीटर खोल उभे आहेत. तिथे कुणाच्याही स्वागताला एवढा उजेड नसतो."

अध्यक्षांना हसू फुटलं. "करा हो कमी. आम्ही बुडणार नाही."

बाईंनी पोटाचे दिवे बंद केले. वरचा दिवा उतरला. डोळे अंधाराला सरावले. निळ्या काचेवर मासा काळाकुट्ट, धारदार दिसू लागला, आणि पहिल्यांदाच तो शार्क वाटला. बाईंनी पुन्हा कळ दाबली.

वर फक्त निळा उजेड उरला.

"अहो! गेला कुठे?"

"कुठेच नाही. तुमच्या डोक्यावरच आहे."

अध्यक्ष त्यांच्या काठीला झेपणार नाही इतक्या चपळाईने बाजूला झाले. ताईला हसू आवरलं नाही. वरच्या मजल्यावर बहुधा भुसा हलला.

"म्हणजे दिवे लावले की नाहीसा होतो?" अध्यक्षांनी स्वतः कळ दाबली. मासा आला. पुन्हा दाबली. गेला. आला. गेला. बाकीची समिती रांग लावून उभी राहिली.

संचालकांनी शेवटचा प्रयत्न केला. "पण साहेब, ती लहान दिसण्याची तक्रार..."

"ती मागे घेतो." अध्यक्ष कळ सोडायला तयार नव्हते. "दिसतच नाही तो. लहान कुठून दिसणार? राहू दे इथेच. जबडा दुसरीकडे लावा कुठे तरी." मग ते बाईंकडे वळले. "आणि खरा केवढा असतो?"

"हा खऱ्याएवढाच आहे."

अध्यक्षांनी आपला पंजा ताणून वर धरला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिले.

गुबगुबीत धूड आता बागेत आहे. मुलं त्याच्यावर स्वार होतात, थकलेली माणसं त्याला टेकून बसतात. त्याला पाटी हवीच, असा संचालकांनी हट्ट धरला, तेव्हा बाईंनी ती स्वतः लिहून दिली: 'याचा कोणत्याही माशाशी संबंध नाही.'

"असं कसं?" पाटी ठोकताना ताई म्हणाली. "नाक तर सरळ तुझ्यावर गेलंय."