माळेखालचा नंबर

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. सुरतच्या डिंडोलीत एका दवाखान्याच्या दारावर वीस वर्षं लटकत होते. आज माझ्याच लबाडीची गोष्ट सांगते. लाज वाटते, पण सांगते.

मला रंगवलं ते डॉ. श्रीरंग भामरे यांच्यासाठी. वर ठळक नाव, खाली बारीक नोंदणी क्रमांक. डॉक्टरांनी पेंटरला बजावलं होतं, "एक वेळ नाव चुकव, नंबर चुकवू नकोस. त्यावरूनच लोक माझी खात्री करतील." तेव्हा काय माझा तोरा होता!

पुढे डॉक्टर वारले आणि त्यांचा कंपाउंडर ललित खुर्चीत बसला. माझ्यावरचं नाव खरवडून त्याने स्वतःचं रंगवलं. नंबर मात्र तोच ठेवला. दसऱ्याला मला झेंडूची माळ घालायचा, ती बरोबर नंबरावर लोंबायची. सुकून खडखडली तरी काढायचा नाही. देवाची म्हणून कोणी हात लावेना. ललित अहिराणीत गप्पा मारायचा, आल्याबरोबर सलाइनची बाटली लावायचा. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर राबणाऱ्या खानदेशी माणसांना तेवढं पुरे व्हायचं. आणि खोटं कशाला बोलू, माळ मलाही आवडायची.

एका दुपारी लूमवरच्या धुडकूदादांच्या छातीत कळ आली. बायको शोभा आणि नर्सिंग शिकणारी लेक हर्षदा त्यांना रिक्षातून घेऊन आल्या. दादांचा शर्ट घामाने चिंब झाला होता.

"गॅस शे. बाटली लावतो," ललित म्हणाला.

"आधी ईसीजी काढा ना!" हर्षदा म्हणाली.

"डॉक्टर तू का मी?"

हर्षदा तडक बाहेर आली आणि तिने माझी माळ उचलली.

"हात नको लावू व माय, देवनी माळ शे!" शोभा ओरडली. "आपला गावना माणूस शे तो!"

वाच पोरी, लवकर वाच! मी आतल्या आत तडफडत होते. तिने मोबाइलवर डॉक्टरांची सरकारी यादी उघडून एकेक आकडा टाकला. पान काही उघडेना. आत ललित पाकिटातून सुई काढत होता. अखेर पान उघडलं.

"मम्मी, हा नंबर भामरे डॉक्टरांचा आहे! पुढे मयत लिहिलंय!"

शोभाने पदर खोचला. आत धावत जाऊन तिने नवऱ्याचा हात ओढून घेतला. "ठेव ती सुई खाले!"

तो हृदयविकाराचा झटका होता. वेळेवर मोठ्या दवाखान्यात पोचले म्हणून दादा वाचले.

पोलिसांनी पंचनाम्याच्या दिवशी मला खाली उतरवलं. धुडकूदादा काठी टेकत आले. त्यांना अक्षरं येत नाहीत, पण लूमचे मीटर वाचून आकडे येतात. माझ्या नंबरावरून बोट फिरवत ते पुटपुटले, "वीस वरीस येस जास, पन हाई कधी वाचं नही."

मित्रांनो, पाटीला खुशाल माळ घाला. पण आधी तिची शेवटची ओळ वाचा आणि यादीशी ताडून पाहा. ती यादी तुमच्यासाठीच उघडी ठेवली आहे. मला काही तोंड नव्हतं. जे सांगायचं ते त्या नंबरातच होतं, आणि तो माळेखाली झाकून मी मिरवत बसले.